औद्योगिक आजारांच्या दाव्यांत नव्या बॅरिस्टरने कामाला सुरुवात कशी करावी

इंग्लंड आणि वेल्समध्ये शारीरिक इजा व औद्योगिक आजार यांच्या दाव्यांत काम करू इच्छिणाऱ्या मराठी वकिलांसाठी हा लेख आहे. रस्त्यावरचा अपघात एका क्षणात घडतो. त्याची तारीख, वेळ आणि जागा कोणाला शोधून काढावी लागत नाही. औद्योगिक आजाराचे तसे नसते. १९६५ साली गोदीत बॉयलरला आवरण चढवताना मजुराच्या छातीत गेलेली धूळ त्याला चाळीस-पन्नास वर्षांनी दवाखान्यात नेते. तोवर कंपनी बंद पडलेली असते, मुकादम वारलेला असतो आणि हजेरीपत्रके कधीच रद्दीत गेलेली असतात. मेसोथेलिओमा हा बहुतांशी ॲस्बेस्टॉस या तंतुमय खनिजामुळे होणारा, मुख्यतः फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग. या एका आजाराने ब्रिटनमध्ये अजूनही दर वर्षी दोन हजारांहून अधिक माणसे दगावतात. अशा दाव्याला कायद्याचे ज्ञान लागतेच, पण माझ्या मते दावा उभा राहतो किंवा कोसळतो तो कामाच्या इतिहासावर, म्हणजे माणूस कोणत्या साली, कोणाकडे, कोणत्या जागी, नेमके काय करत होता या माहितीवर. पुढची प्रत्येक पायरी या माहितीशी जोडलेली आहे.

सनद आणि पहिली वर्षे

भारतात एकच वकील पक्षकाराला भेटतो, कागद जमवतो, वादपत्र लिहितो आणि कोर्टात उभा राहतो. इंग्लंडमध्ये ही कामे दोघांत वाटलेली आहेत. पक्षकार येतो सॉलिसिटरकडे. पत्रव्यवहार, कागदपत्रे, डॉक्टरांच्या नोंदी हे सारे तो पाहतो. बॅरिस्टरकडे सॉलिसिटरची सूचनापत्रे येतात, त्यांवर तो लेखी सल्ला देतो, वादपत्र किंवा कैफियत लिहितो आणि सुनावणीत युक्तिवाद करतो. बहुतेक बॅरिस्टर स्वतंत्र व्यावसायिक असतात आणि खर्च वाटून घेत एका चेंबर्समध्ये बसतात. तिथे काम आणणे, तारखा सांभाळणे आणि फी ठरवणे हे क्लार्कच्या हाती असते. त्याला साधा कारकून समजणारा नवखा माणूस स्वतःचे मोठे नुकसान करून घेतो.

लिंकन्स इन, इनर टेंपल, मिडल टेंपल आणि ग्रेज इन या चारपैकी एका संस्थेचे सदस्यत्व, बारचा अभ्यासक्रम, सनद आणि त्यानंतर बारा महिन्यांचे पुपिलेज, म्हणजे ज्येष्ठ बॅरिस्टरच्या हाताखालची उमेदवारी, असा नेहमीचा मार्ग आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ग्रेज इनचे बॅरिस्टर होते हे आपल्याकडे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. मात्र त्या काळी पुपिलेजची सक्ती नव्हती. आज खरी चुरस पुपिलेज मिळवण्यासाठीच असते. भारतात वकिली केलेल्यांना बॅरिस्टरांचे नियमन करणाऱ्या बार स्टँडर्ड्‌स बोर्डाकडे अर्ज करून अभ्यासक्रमाच्या काही भागांतून सूट मागता येते. बोर्ड बहुधा बार ट्रान्सफर टेस्ट या परीक्षेची अट घालते.

पुपिलेजच्या पहिल्या सहा महिन्यांत ज्येष्ठांच्या मागे बसून शिकायचे असते. दुसऱ्या सहामाहीत स्वतः उभे राहता येते, आणि तेव्हा वाट्याला येतात ते काउंटी कोर्टातले मोटार अपघातांचे छोटे दावे, अल्पवयीन मुलांच्या तडजोडींना न्यायाधीशांची मंजुरी घेण्याच्या सुनावण्या आणि तासाभराच्या युक्तिवादाचे अर्ज. ही कामे कमी प्रतीची समजून उरकू नयेत. दहा मिनिटांच्या उलटतपासणीत नेमका प्रश्न विचारायची सवय इथेच लागते, आणि आठ तज्ज्ञांच्या खटल्यात उपयोगी पडते ती हीच सवय.

फाइल उघडल्यावर आधी तारखा पाहाव्यात

औद्योगिक आजाराची फाइल हाती आली की वैद्यकीय अहवाल वाचण्याआधी वेगळ्या कागदावर चार तारखा लिहाव्यात: धुळीशी, आवाजाशी किंवा रसायनाशी संबंध कधी सुरू झाला, तो कधी संपला, लक्षणे कधी दिसू लागली आणि आजाराचे कारण काम आहे हे पक्षकाराला कधी कळले. १९८० च्या मुदत कायद्यातल्या कलम ११ प्रमाणे शारीरिक इजेच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत असते. ही मुदत इजा झाल्यापासून किंवा, ती तारीख नंतरची असेल तर, पक्षकाराला इजेचे ज्ञान झाल्यापासून मोजतात. ज्ञान म्हणजे काय हे कलम १४ मध्ये दिले आहे: इजा दखल घेण्याजोगी आहे, तिचा संबंध मालकाच्या कृत्याशी किंवा कसुरीशी आहे आणि प्रतिवादी कोण आहे, या गोष्टी माणसाला माहीत असणे किंवा वाजवी चौकशीने कळण्यासारख्या असणे.

ही तरतूद एका अन्यायातून आली. शेफील्डच्या कामगारांच्या कार्टलेज विरुद्ध जॉपलिंग या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्‌सने, म्हणजे त्या काळच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, १९६३ साली असे ठरवले की फुप्फुसाला इजा झाली त्या दिवसापासूनच मुदत धावू लागते, मग ती इजा कोणालाही कळण्यासारखी नसली तरीही. आजार कळण्याआधीच दावा मुदतबाह्य होतो ही स्थिती इतकी अन्यायाची होती की संसदेने त्याच वर्षी कायदा बदलला. मुदत उलटलीच असेल तर कलम ३३ खाली न्यायालय ती बाजूला ठेवू शकते. त्यासाठी उशिराचे कारण आणि उशिरामुळे प्रतिवादीच्या पुराव्याचे झालेले नुकसान या दोन्हींवर साक्ष द्यावी लागते. बहिरेपणाच्या दाव्यांत हा मुद्दा जवळजवळ नेहमी निघतो, कारण ऐकू कमी येते हे माणसाला दहा वर्षे जाणवत असते आणि तो ते वयावर ढकलत असतो.

कामाचा इतिहास

सॉलिसिटरने ब्रिटिश महसूल खात्याकडून पक्षकाराच्या नोकऱ्यांची यादी मागवलेली आहे की नाही हे पाहावे. राष्ट्रीय विम्याच्या (नॅशनल इन्शुरन्स) वर्गणीच्या नोंदींतून तयार होणाऱ्या या यादीत मालकांची नावे आणि सन-तारखा असतात. ती यादी आणि पक्षकाराचे निवेदन शेजारी ठेवून ओळ न ओळ ताडून पाहावे. निवेदनात पाच वर्षे सांगितलेली नोकरी यादीत चौदा महिन्यांची निघाली, तर तो प्रश्न विरुद्ध बाजूच्या वकिलाने उलटतपासणीत विचारण्याआधी आपण विचारलेला बरा. पन्नास वर्षांपूर्वीच्या आठवणीत घोळ होणे स्वाभाविक आहे आणि त्यात खोटेपणा नसतो. पण दुरुस्त न केलेला घोळ कोर्टात खोटेपणासारखा दिसतो, आणि मूलभूत अप्रामाणिकपणा सिद्ध झाला तर २०१५ च्या कायद्यातल्या कलम ५७ खाली संपूर्ण दावा फेटाळला जाऊ शकतो.

‘मी ॲस्बेस्टॉसजवळ काम केले’ एवढे वाक्य निरुपयोगी आहे. बॉयलरच्या पाइपांवर आवरण चढवणाऱ्या मजुराला काय विचारावे हे उदाहरणादाखल सांगतो. पूड पोत्यातून पिंपात कोण ओतत असे? पाणी घालून ती हाताने कालवत की फावड्याने? ओतताना धूळ किती वेळ हवेत राहत असे, आणि उन्हाची तिरीप आली तर त्यात ती दिसत असे का? जुने आवरण हातोडीने फोडून काढताना ते ओले करत की कोरडेच? खाली पडलेला चुरा झाडूने लोटत की यंत्राने ओढून घेत? शेजारी वेल्डर, प्लंबर, विजेचे काम करणारे होते का, आणि जहाजाच्या बॉयलरखोलीत हवा खेळायला वाट होती का? जेवणाची सुट्टी तिथेच बसून होत असे का? मुखवटा दिला होता का, आणि दिला असेल तर तो वापरायला कोणी सांगितले होते का? अंगावरचे कपडे घरी कोण झटकत आणि धूत असे? कालवलेल्या लगद्याला ब्रिटिश कामगार ‘मंकी डंग’ म्हणत. असा शब्द निवेदनात आला तर तो काढून सभ्य शब्द घालू नये, कारण न्यायाधीशाला त्यातून माणूस खरोखर तिथे होता हे कळते.

प्रश्न विचारताना उत्तर सुचवायचे नसते. ‘खूप धूळ होती ना?’ असे विचारून मिळवलेले ‘हो’ पुढे कोर्टात टिकत नाही. हवेतील तंतूंच्या प्रमाणाचा अंदाज बांधणारा औद्योगिक आरोग्य तज्ज्ञ त्याच निवेदनावर विसंबून असतो. आठवड्यातले किती तास, वर्षातले किती आठवडे, हे त्यात नसेल तर त्याचा आकडा हवेत राहतो. शक्य असेल तिथे त्या काळचे सहकारी शोधावेत. कामगार संघटनांच्या शाखा आणि पीडितांचे मदतगट यांच्याकडे अशी माणसे सापडतात.

मेसोथेलिओमाच्या रुग्णाच्या हाती वेळ फार कमी असतो. निदानानंतर बरेच जण वर्षभरातच जातात. म्हणून हयात रुग्णांचे दावे न्यायालय प्राधान्याने चालवते. लंडनच्या रॉयल कोर्ट्‌स ऑफ जस्टिसमध्ये त्यांसाठी खास पद्धत आहे: वादीने ॲस्बेस्टॉसशी संबंध आल्याचा पुरेसा पुरावा दाखवला की निकाल विरुद्ध का देऊ नये याचे कारण प्रतिवादीनेच दाखवायचे असते. प्रकृती ढासळत असेल तर रुग्णाच्या घरी किंवा रुग्णालयात शपथेवर साक्ष नोंदवून घेण्याचा अर्ज लगेच करावा. ती साक्ष घेताना बहुधा दोन्ही बाजूंचे वकील हजर असतात आणि उलटतपासणीही तिथेच होते. माणसाला कोणत्या वेळी बोलण्याचे बळ असते, औषधाची वेळ कोणती, हे घरच्यांना आधी विचारून घ्यावे आणि तासभरही सलग बोलायला लावू नये. कागदोपत्री चोख असलेला वकील इथे घाईने वागला, तर त्या कुटुंबाच्या शेवटच्या दिवसांतला एक दिवस त्याने बिघडवलेला असतो.

प्रतिवादी कोण

कंपनी बुडाली म्हणून दावा बुडत नाही. १९६९ च्या कायद्याने ग्रेट ब्रिटनमधल्या मालकांना कामगारांसाठी विमा काढणे सक्तीचे केले आणि तो १ जानेवारी १९७२ पासून अमलात आला; बऱ्याच मालकांनी त्याआधीही विमा घेतलेला होता. विमा कंपनी शोधून देणारे एम्प्लॉयर्स लायबिलिटी ट्रेसिंग ऑफिस आहे, आणि कंपन्यांच्या नोंदवहीतून नाव कमी झालेली कंपनी दाव्यापुरती पुन्हा नोंदवून घेता येते. मालकही नाही आणि विमाही सापडत नाही, अशा मेसोथेलिओमा रुग्णांसाठी २०१४ च्या कायद्याने स्वतंत्र भरपाई योजना आणली. २५ जुलै २०१२ रोजी किंवा त्यानंतर निदान झालेले रुग्ण तिच्यात बसतात. मालक उपकंपनी असेल तर मूळ कंपनीकडेही पाहावे. चँडलर विरुद्ध केप या खटल्यात अपील न्यायालयाने २०१२ साली उपकंपनीच्या कामगाराप्रति मूळ कंपनीचे कर्तव्य मान्य केले.

मालकाला काय कळायला हवे होते

कायद्याची कसोटी १९६८ च्या स्टोक्स विरुद्ध जीकेएन या निकालात नीट मांडलेली सापडते: उपलब्ध ज्ञानाच्या प्रकाशात कामगारांच्या सुरक्षेचा आपणहून विचार करणारा, वाजवी आणि दूरदर्शी मालक कसा वागला असता? म्हणून ज्ञानाचा कालक्रम पाठच असावा. ॲस्बेस्टॉस कारखान्यांसाठीचे पहिले नियम १९३१ चे. दक्षिण आफ्रिकेतील मेसोथेलिओमाच्या रुग्णांविषयीचा वॅग्नर आणि सहकाऱ्यांचा लेख १९६० चा. लंडनच्या रुग्णांवरचा न्यूहाउस आणि टॉम्पसन यांचा लेख १९६५ चा, आणि त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरच्या ‘संडे टाइम्स’ने तो धोका सामान्य वाचकांपर्यंत नेला. नवे, अधिक व्यापक नियम १९६९ चे, ते पुढल्या वर्षी लागू झाले. नवऱ्याचे धुळीने भरलेले कपडे धुणाऱ्या पत्नीचा हार्लंड अँड वुल्फ या जहाजबांधणी कंपनीविरुद्धचा दावा २००५ साली अपील न्यायालयात हरला, कारण तिच्या घरी धूळ येणे १९६५ मध्ये थांबले होते आणि तोवर तो धोका मालकाला ओळखता आला नसता असे बहुमताने ठरले. तारखांचे महत्त्व यापेक्षा क्रूरपणे दाखवणारा निकाल मला माहीत नाही.

तरीही तारीख ही भिंत मानू नये. १९७० साली कारखाना निरीक्षकांनी प्रसिद्ध केलेल्या प्रमाणापेक्षा धूळ कमी होती एवढ्यावर प्रत्येक मालक सुटतो असे नाही, हे अपील न्यायालयाने २०१८ मध्ये बसी यांच्या दाव्यात स्पष्ट केले. आवाजाच्या दाव्यांत टाइनसाइडच्या जहाज-दुरुस्ती कामगारांच्या १९८४ च्या निकालाने मालकाला धोका कळायला हवा होता ते वर्ष म्हणून १९६३ ठरवून दिले, तर नॉटिंगहॅमशायरच्या विणकाम (निटिंग) उद्योगाविषयीच्या २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ८५ ते ९० डेसिबलच्या आवाजासाठी सर्वसाधारण मालकाला त्याहून बराच अधिक काळ दिला. वादपत्र लिहिताना आणखी एक गोष्ट विसरू नये: १ ऑक्टोबर २०१३ नंतरच्या घटनेत केवळ सुरक्षा नियमाच्या भंगावर दिवाणी दावा सहसा चालत नाही, निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो. त्याआधीच्या काळासाठी नियमभंग स्वतंत्रपणे मांडता येतो आणि तो अवश्य मांडावा.

वैद्यकीय पुरावा

तज्ज्ञाचे कर्तव्य न्यायालयाप्रति असते, फी देणाऱ्याप्रति नसते. तज्ज्ञाला पत्र लिहिताना हे ध्यानात ठेवावे. श्रवणालेख, म्हणजे ऐकण्याच्या चाचणीचा आलेख (ऑडिओग्राम), स्वतः वाचायला शिकावे, हे मी आग्रहाने सांगतो. आडव्या अक्षावर ध्वनीची वारंवारता असते, उभ्या अक्षावर ऐकू येण्यासाठी लागणारी तीव्रता. वयाने येणाऱ्या बहिरेपणात रेषा उंच वारंवारतेकडे उतरत जाते आणि उतरतच राहते. आवाजाने आलेल्या बहिरेपणात ३, ४ किंवा ६ किलोहर्ट्‌झपाशी खाच पडते आणि ८ किलोहर्ट्‌झला रेषा पुन्हा काहीशी वर येते. २००० साली कोल्स, लटमन आणि बफिन यांनी मांडलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत या खाचेची खोली किमान १० डेसिबल धरली आहे. दोन्ही कानांचे आलेख फार वेगळे असतील तर कारण विचारावे. एका कानाजवळ बंदूक झाडणे, कानाचे जुने दुखणे अशी उत्तरे निघतात. लँकेशायरच्या मागांवरच्या बायका आवाजापायी ओठांच्या हालचालींवरून एकमेकींशी बोलत. गिरणगावातल्या साचेखात्यात ज्यांचे आजोबा राबले त्यांना हे वेगळे सांगायला नको.

निदान पक्के असले तरी प्रत्येक बदलाला भरपाई नसते. फुप्फुसाच्या आवरणावरचे, काहीही त्रास न देणारे ॲस्बेस्टॉसचे चट्टे ही इंग्लंडमध्ये दाव्याजोगी इजा नाही असे हाउस ऑफ लॉर्ड्‌सने २००७ मध्ये ठरवले. स्कॉटलंडने २००९ साली कायदा करून उलट भूमिका घेतली.

कोणाच्या धुळीने

नव्या वकिलाची सर्वांत जास्त दमछाक होते ती इथे. आजार दोन प्रकारचे असतात हे आधी मनाशी स्पष्ट करावे. ॲस्बेस्टॉसच्या आणि सिलिकाच्या धुळीने होणारे फुप्फुसाचे आजार ॲस्बेस्टॉसिस व सिलिकोसिस, बहिरेपणा, हातांच्या बोटांना कंपनाने होणारा त्रास हे मात्रेप्रमाणे वाढत जातात, म्हणून प्रत्येक मालकाला सहसा त्याच्या वाट्यापुरतेच जबाबदार धरतात. मेसोथेलिओमा असा वाटून घेता येत नाही. तो होतो किंवा होत नाही, आणि कोणाच्या धुळीतल्या तंतूंनी तो झाला हे विज्ञान सांगू शकत नाही.

बॉनिंग्टन कास्टिंग्ज विरुद्ध वॉर्डलॉ या १९५६ च्या निकालात ओतशाळेच्या कामगाराला सिलिकोसिस झाला होता. काही धूळ मालकाच्या चुकीची होती, काही टाळता न येणारी होती. चुकीच्या धुळीने आजाराला नगण्य नसलेला हातभार लावला एवढे पुरे, असे ठरले. पण अनेक मालकांकडे काम केलेल्या मेसोथेलिओमा रुग्णाला याचाही उपयोग नव्हता, कारण प्रत्येक मालक ‘ते तंतू दुसऱ्याचे’ असे म्हणू शकत होता. २००२ च्या फेअरचाइल्ड निकालाने हा पेच सोडवला: आजाराचा धोका वाढवण्यात ज्याचा ठळक वाटा आहे तो जबाबदार. २००६ साली बार्कर निकालाने ही जबाबदारी वाट्यापुरती केली. म्हणजे एक मालक बुडालेला असला की तेवढा भाग विधवेला मिळणारच नाही अशी वेळ आली. त्याच वर्षी संसदेने भरपाई कायद्याच्या कलम ३ ने मेसोथेलिओमापुरता तो परिणाम उलटवला, आणि आता एकाच मालकाकडून पूर्ण रक्कम वसूल करता येते. ॲस्बेस्टॉसमुळे झालेल्या फुप्फुसाच्या कर्करोगाला हे कलम लागू नाही. तिथे हेनेगन यांच्या २०१६ च्या निकालाप्रमाणे वाटणी होते, आणि म्हणून एकही मालक यादीतून सुटू देऊ नये.

रकमेचा हिशेब

वेदनेसाठीची रक्कम न्यायाधीशांना प्रशिक्षण देणाऱ्या जुडिशियल कॉलेजच्या मार्गदर्शिकेवरून आणि आधीच्या निकालांवरून ठरते. बुडालेली कमाई, घरच्यांनी केलेली शुश्रूषा, उपचार, घरात करावे लागलेले बदल यांचा तक्ता पावत्यांसह वेगळा द्यावा. पत्नीने रात्री जागून केलेल्या सेवेलाही किंमत आहे, हे कुटुंबाला आपणच सांगावे लागते; ते स्वतःहून मागत नाहीत. भविष्यातल्या नुकसानीची आजची एकरकमी किंमत काढण्यासाठी ऑग्डेन तक्ते वापरतात, आणि ११ जानेवारी २०२५ पासून त्यासाठीचा सूट-दर (रक्कम आधीच हाती येते म्हणून धरलेला परतावा) अधिक ०.५ टक्के आहे. आजाराने आयुष्य तुटले तर न जगता आलेल्या वर्षांतली कमाईही मिळते. हे तत्त्व घालून देणारा पिकेट यांचा दावा मेसोथेलिओमाचाच होता. आजार पुढे गंभीर होण्याची शक्यता असेल तर अंतिम तडजोड घाईने करू नये. तात्पुरती भरपाई घेऊन पुन्हा येण्याचा हक्क राखून ठेवता येतो.

दावा हरलाच तरी प्रामाणिक वादीला प्रतिवादीचा खर्च सहसा भरावा लागत नाही, असे संरक्षण २०१३ पासून आहे. पण विरुद्ध बाजूने दिवाणी प्रक्रिया नियमांच्या भाग ३६ खाली दिलेला तडजोडीचा प्रस्ताव पक्षकाराने नाकारला आणि निकालात त्याहून कमी मिळाले, तर पक्षकाराच्या रकमेतून मोठी वजावट होऊ शकते. म्हणून असा प्रस्ताव आला की त्याच दिवशी लेखी सल्ला द्यावा आणि तो पक्षकाराला समजेल अशा शब्दांत असावा.

पक्षकाराचा मृत्यू झाला तर दावा संपत नाही. १९३४ च्या कायद्याखाली तो मृताच्या इस्टेटीसाठी आणि १९७६ च्या कायद्याखाली अवलंबून असलेल्यांसाठी पुढे चालतो. कामामुळे आलेला मृत्यू कॉरोनरला, म्हणजे अनैसर्गिक मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला, कळवावा लागतो आणि शवचिकित्सेची शक्यता असते, हे कुटुंबाला वेळेवर आणि हळुवारपणे सांगावे. इंग्लंडच्या गिरण्यांत, ओतशाळांत किंवा जहाजांवर राबून निवृत्तीनंतर पुण्यात, कोल्हापुरात किंवा गोव्यात राहायला गेलेल्या माणसालाही हा दावा करता येतो, कारण धुळीशी किंवा आवाजाशी संबंध जिथे आला ती नोकरी महत्त्वाची, आजचा पत्ता नाही. अशा वेळी भारतातल्या रुग्णालयातून बायॉप्सीचा अहवालच नव्हे, तर मेणाच्या ठोकळ्यात जतन केलेला मूळ नमुना आणि काचपट्ट्याही मागवाव्यात, आणि रुग्णालय जुने नमुने टाकून देण्याआधी ते पत्र गेलेले असावे.